अर्धी बांधलेली गुटी

दोरी लावून झाली. मोजणीदारानं खुंटी ठोकली, कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि सांगून टाकलं, "कुंपण दीड हात धाकट्यांच्या हद्दीत आहे."

दोन भावांची दोन घरं एकमेकांना लागून होती आणि मागं दोघांत मिळून एकच लांबट परसू. परसाच्या मधोमध जास्वंदीचं कुंपण. थोरल्या जावेनं लग्न होऊन आली त्या वर्षी नुसत्या काड्या खोचून ते उभं केलं होतं. लाल एकेरी, पिवळी, भरगच्च पाकळ्यांची गुलाबी, आणि अगदी टोकाला, हौदाजवळ, एक विटकरी रंगाची. ती गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिचं आता झाडच झालं होतं. हात वर करूनही शेंडा हाती लागत नसे.

मोजणीदाराचं ऐकून थोरली हसली. "झाडांना सांगते, दीड हात सरका म्हणून. माझं ऐकतात ती."

सगळे हसले. धाकटीचा नवरा तेवढा हसला नाही. तो पंप दुरुस्त करायचा. उघडलेल्या मोटारी, पाइप, तारांची भेंडोळी ओसरीभर पसरलेली असायची. त्याला परसात सामानाची खोली हवी होती आणि खोलीला सरळ भिंत हवी होती. थोरला भाऊ सुतार. तो त्याच्या शेडच्या दारात उभा राहून गप्प बघत होता. बोलाचाली झाली ती बायकांतच. शब्दाला शब्द वाढत गेला आणि धाकटी एकदम म्हणाली, "झाडं तुमची, जमीन आमची. एवढा जीव असेल तर झाडं उचलून न्या की."

थोरलीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तो हौदाच्या काठावर हलकेच ठेवला आणि घरात गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

खरं तर धाकटी या घरात आली तेव्हा तिला झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं. थोरलीनंच तिच्या हातात सुरी दिली होती. "काडी पेन्सिलीएवढी जाड घे. फार कोवळी घेतलीस तर सडेल, जून घेतलीस तर रुसून बसेल. डोळ्याच्या खाली तिरका काप. खालची पानं काढ, वरची दोन अर्धी छाट." धाकटीनं पहिल्या खेपेला वीसच्या वीस काड्या उलट्या खोचल्या होत्या, शेंडा खाली आणि बूड वर. थोरली ते बघून हसता हसता खाली बसली होती. पुढं कित्येक वर्षं, कुणी नवं माणूस घरी आलं की ती हा किस्सा रंगवून सांगायची.

ऊन वाढत गेलं. नळाला तीन दिवसांनी पाणी येऊ लागलं. थोरली भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची. धाकटी ते खिडकीतून बघायची. आपल्या बाजूनं दोन तांबे ओतावेत असं तिच्या मनात यायचं, पण हात उठायचा नाही. दोन महिने असेच गेले.

मग तो दिवस आला.

दुपारचे बारा वाजून गेले होते. नवरा कामावर गेलेला. धाकटी मागच्या ओसरीत ताटात तांदूळ निवडत बसली होती. कुंपणापलीकडून हाक आली. "धाकटे, जरा ये गं."

तिची बोटं थांबली. दोन महिन्यांनी तो आवाज तिच्या नावानं आला होता.

"धाकटे! हात लाव की जरा."

आता गरज पडली का, असं तिच्या मनात आलं. पडली तर पडू दे. तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले, ताट उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आत बसूनही ती तांदूळच निवडत होती. खडे संपले होते तरी निवडत होती.

तासाभरानं पलीकडे आरडाओरडा झाला. थोरली हौदाजवळ पडली होती. उलट्या घातलेल्या बादलीवर चढली होती, बादली सटकली आणि डोकं हौदाच्या दगडी काठावर आपटलं. सुतार हात धुवायला मागं गेला तेव्हा त्याला दिसली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

"तुला काही ऐकू आलं नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"आत झोपले होते," धाकटी म्हणाली.

सुतारानंही सगळ्यांना एकच सांगितलं, "मशीन चालू होतं. काही ऐकू आलं नाही." कुणी जास्त खोदून विचारलं नाही. थोरलीची लेक लांबून आली, आठ दिवस राहिली, रडून रडून आवाज बसलेल्या अवस्थेत परत गेली. घरं पुन्हा आपापल्या कामाला लागली.

आणि धाकटीला दुपारी हाक ऐकू येऊ लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. "धाकटे, जरा ये गं." अगदी तीच, थोडी घाईतली, कामात असलेल्या बाईची. धाकटी ओला कपडा हातात धरून कुंपणापाशी धावली. हौदाच्या काठावर ऊन पडलं होतं. एक सरडा मान हलवत बसला होता. दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती घराच्या पुढच्या खोलीत जाऊन बसली. तिथंही आली. तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याचा जुना रेडिओ मोठ्यानं लावला. रेडिओतल्या माणसाच्या बोलण्याच्या फटीतून ती आली आणि तिनं रेडिओ बंद केला.

ती कुणाजवळ बोलली नाही. काय बोलणार? हाक काही धमकावत नव्हती, रडत नव्हती. नुसती बोलावत होती.

एक दिवस पलीकडच्या गल्लीतली शिवणवाली फाटकाशी आली. "तुमच्या जाऊबाईंनी मला त्या विटकरी जास्वंदीचं रोप कबूल केलं होतं. म्हणाल्या, हिच्या काड्या काही केल्या धरत नाहीत, फांदीलाच गुटी बांधून, मुळ्या सुटल्या की तोडून देते. आता तुम्हीच द्या बाई. माणूस गेलं, निदान झाड तरी दारात राहील."

"बघते," धाकटी म्हणाली, आणि दार लावून तिथंच उभी राहिली.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं जेवता जेवता सांगितलं, "सोमवारपासून गवंडी येतोय. पाया खणायचा तर कुंपण काढावं लागेल."

"आणि भाऊजी?"

"दादाला विचारलं मी. तो म्हणाला, मुळासकट काढ. एकही ठेवू नको."

तिला ते खरं वाटेना. दुपार टळल्यावर ती शेडपाशी गेली. भाऊजी खुर्चीच्या पायाला घासकागद मारत होते. भुसा त्यांच्या भुवयांवर बसला होता. त्यांनी दाढी केली नव्हती आणि सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली होती. ते सांगायला आता घरात कुणी नव्हतं.

"झाडं काढायची म्हणता?"

"हो."

"ताईंनी हातानं लावलेली आहेत."

"म्हणूनच." त्यांनी मान वर केली नाही. "मला ती बघवत नाहीत. तू जा."

मग धाकटीनं सुरी काढली. काढून टाकण्याआधी निदान काड्या तरी घ्याव्यात. रविवारी सकाळी ती कुंपणाच्या एका टोकाकडून निघाली. लालच्या बारा, पिवळीच्या दहा, गुलाबीच्या चौदा. पानं अर्धी छाटली, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवली. पिवळीच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दाटला होता. पांढरा कापूस चिकटावा तसा. तिनं तो बोटांनी पुसून काढला. बोटं चिकट झाली. थोरली असती तर एवढा माजू दिला नसता.

विटकरी झाडापाशी ती शेवटी आली. बादली अजून तिथंच होती, कुणीतरी सुलटी करून ठेवलेली. तिनं स्टूल आणलं आणि वर चढली. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड फांदीवर काहीतरी लोंबत होतं.

गुटी होती ती. दोन बोटं रुंदीची साल गोल काढलेली, त्यावर काथ्या आणि माती, भोवती प्लास्टिकचा तुकडा गुंडाळलेला. खालचं टोक सुतळीनं घट्ट बांधलेलं होतं. वरचं उघडं. सुतळीचं मोकळं टोक वाऱ्यानं हलत होतं.

धाकटीनं स्टूलावरूनच बाजूच्या फांदीला हात टेकला. गुटी एकट्यानं बांधता येत नाही. एकानं माती आवळून धरायची, दुसऱ्यानं सुतळी मारायची. इतकी वर्षं धरायचं काम धाकटीचं होतं. त्याच्यासाठी ती हाक होती. भांडायला नव्हती, समजूत घालायलाही नव्हती. भांडण आपल्या जागी असेल, पण थोरलीच्या लेखी गुटी धरायला येणारं माणूस एकच होतं.

तिला वाटलं, खाली उतरावं आणि पळून जावं. पण उतरली नाही. तिनं प्लास्टिक थोडं उलगडून बघितलं. माती वाळून खडखडीत झाली होती. पण सोललेल्या सालीची वरची कड फुगली होती, ओठ सुजावा तशी. एवढ्या उन्हात, पाण्याच्या थेंबाशिवाय, फांदी जिवंत होती. वरची पानं मलूल असली तरी हिरवी होती.

तिनं काथ्या भिजवला, माती पुन्हा भरली. एका हातानं आवळून धरून, सुतळीचं दुसरं टोक दातात धरून, तिनं वरची गाठ मारली. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. सुतळीनं ओठ कापला होता. खाली उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, बारा वाजून गेले होते आणि आज हाक आली नव्हती. तिला हायसं वाटतं न वाटतं तोच ती आली. अगदी कानाशी.

सोमवारी गवंडी आला. बुटका, बडबड्या माणूस. बरोबर फावडं, पहार, ओळंबा. धाकटी चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "रस्त्याकडच्या बाजूनं सुरू करा. हौदाकडचं सगळ्यात शेवटी."

"का हो वहिनी, हौदात काही पुरलंय का?"

नवरा हसला. "तिचा एका फांदीवर जीव जडलाय. दिवसातून दहा वेळा बघून येते. माझ्याकडे एवढ्यांदा बघितलं असतं तर माझंही वजन वाढलं असतं."

"मग भिंतीला खिडकी ठेवू या," गवंडी म्हणाला, "म्हणजे फांदीला पलीकडचं दिसेल."

दोघं हसले. धाकटीनं कप उचलले. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

काम रस्त्याकडून सुरू झालं. जमीन तापून दगड झाली होती. पहार आपटली की ठिणगी उडायची. रोज दोन-तीन हात चर पुढं सरकायचा आणि तेवढं कुंपण पडायचं. उपटलेली झाडं उन्हात आडवी पडायची. त्यांच्यावरच्या कळ्या पडल्या जागीच दुसऱ्या दिवशी उमलायच्या. गवंडीसुद्धा त्यांच्यावर पाय न देता जायचा.

धाकटी कामाला जुंपून घेतल्यासारखी राबत होती. रेती चाळायची, शेणखत मिसळायचं, जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांना भोकं पाडून भरायच्या. न्हाणीमागच्या सावलीत तिनं पिशव्यांची रांग लावली. सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं, आपल्या वाटणीच्या पाण्यातून. आठ दिवसांत काड्यांची पानं पिवळी पडून गळू लागली. एक काडी उपटून बघितली तर बूड काळं, बुळबुळीत. मग दुसरी. मग सगळी पिवळी गेली. आपल्याच हाताला काहीतरी झालंय असं तिला वाटू लागलं. थोरलीचा हात लागला की वाळकी काटकी फुटायची, आणि हिच्या हाताखाली हिरवी काडी सडत होती. ती पिशव्यांशेजारी उकिडवी बसून पुटपुटायची, "ताई, एवढं तरी धरू द्या." बारा वाजता तिकडून उत्तराऐवजी बोलावणं यायचं.

गुटीला मात्र ती विसरली नाही. रोज स्टूलावर चढून प्लास्टिकच्या गाठीतून चमचाभर पाणी सोडायची. सतराव्या दिवशी प्लास्टिकच्या आतून दोऱ्यासारखं पांढरं काहीतरी टेकलेलं दिसलं. मुळी होती. तिनं तिथंच फांदीला कपाळ लावलं.

अठराव्या दिवशी चर हौदापाशी आला. नवरा त्या दिवशी घरीच होता. त्यानं कुऱ्हाड आणली.

"अजून पंधरा दिवस थांबा," धाकटी म्हणाली. "मुळ्या आत्ताच सुटल्यात. आत्ता तोडली तर मरेल."

"पंधरा दिवस गवंड्याला काय बसवून ठेवू? एवढ्या काड्या लावल्यास ना? मग या एका फांदीचं काय घेऊन बसलीस?"

"ही मी लावलेली नाही."

"मग कुणी?"

गवंडी पहारीवर रेलून मजा बघत होता. पलीकडे शेडच्या दारात भाऊजी येऊन उभे होते. हातात पटाशी तशीच.

"ताईंनी," ती म्हणाली. "त्या दिवशी त्या ही बांधत होत्या. अर्धीच झाली होती. धरायला मला हाक मारली. मी ऐकली."

नवऱ्यानं कुऱ्हाड खाली टेकवली. "तू झोपली होतीस."

"नव्हते झोपले. ओसरीत तांदूळ निवडत होते. ऐकलं, आणि मुद्दाम गेले नाही. आत जाऊन दार लोटलं."

गवंड्यानं पहार हळूच जमिनीवर आडवी ठेवली आणि उगाच पाणी प्यायला रस्त्याकडे निघून गेला. नवरा तिच्याकडे असा बघत होता, की जणू ही बाई त्यानं आज पहिल्यांदा बघितली.

भाऊजी चर ओलांडून अलीकडे आले. ते अंगावर येतील असं तिला वाटलं. यावेत, असंही वाटलं.

"किती वेळा मारली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हाक. किती वेळा ऐकलीस?"

"दोनदा."

"तीनदा मारली," भाऊजी म्हणाले. "तिसरी फार बारीक होती. तुला आत ऐकू आली नसेल."

धाकटीला आधी उमगलंच नाही. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"पण मशीन..."

"लाइट गेली होती. मी हातानं रंधा मारत होतो." ते पटाशीच्या धारेवर अंगठा फिरवत राहिले. "हाक तुझ्या नावाची होती. म्हटलं, बरं झालं, दोन महिन्यांनी ही आपणहून बोलवतेय. आता दोघी बोलतील. मध्ये आपण कशाला जा. म्हणून उठलो नाही. तिसरी ऐकली तेव्हा वाटलं, तू आलीस आणि तुझ्याशीच हळू काहीतरी बोलतेय."

त्यांच्या अंगठ्याला धार लागली. रक्ताचा थेंब वाळक्या मातीवर पडला आणि लगेच आत मुरला. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

"मी रंध्याच्या लयीत होतो," ते म्हणाले. "मला तर बरं वाटत होतं गं."

नवऱ्यानं कुऱ्हाड उचलली, ओसरीत नेऊन भिंतीला टेकवली आणि पायताण घालून बाहेर निघून गेला. त्या दिवशी काम झालं नाही.

भिंत हौदाच्या अलीकडे थांबवली गेली. चार हातांची फट राहिली. कुणी तसं ठरवलं नाही. गवंडी दुसऱ्या कामाला गेला आणि त्याला परत बोलवायला कुणी गेलं नाही. नवरा बरेच दिवस धाकटीशी मोजकं बोलत होता. वाढ, पुरे, चाललो. एका सकाळी मात्र ती उठायच्या आधी त्यानं पिशव्यांजवळचं पिंप गच्च भरून ठेवलेलं होतं.

पंधरा दिवसांनी प्लास्टिकच्या आत मुळ्यांचं तपकिरी जाळं झालं. भाऊजींनी गुटीच्या खालून बारीक करवतीनं फांदी कापली, धाकटीनं खालून झेलली. पिशवीत लावताना त्यांनी माती आवळून धरली आणि तिनं बूड बसवलं. छत्तीस काड्यांतल्या अकरा जगल्या होत्या. सहा लाल, पाच गुलाबी. धाकटीनं त्या मोजल्या नाहीत. भाऊजीच रोज येऊन मोजायचे.

ते बाराच्या सुमाराला यायचे. शेड बंद करून, फटीतून अलीकडे, न्हाणीमागच्या सावलीत. त्या वेळी त्यांना घरात थांबवत नसे. दोघं पिशव्यांतलं तण काढत बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी खाली मान घालूनच विचारलं होतं, "तुला येते का गं अजून?"

तिनं काय ते विचारलं नाही. "येते. रोज. तुम्हाला?"

"मलापण."

मग ते रोजचंच झालं. ऊन डोक्यावर यायचं, हात थांबायचे, दोघं एकमेकांकडे न बघता थोडा वेळ तसेच बसायचे. मग ते विचारायचे, "आली?" ती म्हणायची, "आली." तेही मान हलवायचे आणि शेडकडे जायचे. बाकी त्यांच्यात फारसं बोलणं नव्हतं. एकट्यानं ऐकण्यापेक्षा दोघांनी ऐकलेलं सोसवत होतं, इतकंच.

ढग येऊ लागले होते. हवा चिकट झाली होती. शिवणवालीच्या दारात लावायच्या रोपाला पहिली कळी धरली होती, अजून घट्ट मिटलेली. धाकटी त्या दिवशी पिशवीच्या कडेची माती दाबत होती. भाऊजी समोर बसले होते. बारा वाजले. हात थांबले.

ती ऐकत राहिली. कुठंतरी भांडं पडलं. रस्त्यावरून सायकल गेली. वाऱ्यानं पिशव्यांच्या कडा फडफडल्या. हौदाकडून काही आलं नाही. तिनं श्वास धरून ठेवला. आत्ता येईल, आत्ता येईल. हौद गप्प होता. परसू गप्प होतं. ताई गेल्या, असं तिला त्या क्षणी, इतक्या महिन्यांनी, पहिल्यांदा वाटलं.

"आली?" भाऊजींनी विचारलं.

तिनं वर बघितलं. त्यांचे डोळे तिच्यावर लागले होते. सदऱ्याची बटणं आजही चुकलेली होती. नाही म्हटलं तर उद्या बारा वाजता हा माणूस कुठं बसेल, हे तिला दिसलं.

"आली," ती म्हणाली. "तुम्हाला?"

हातातलं तण त्यांनी बाजूला टाकलं.

"हो," ते म्हणाले. "आत्ताच."